आतली हार्ड डिस्क ‘काढता येणारी’ दिसते तेव्हा : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

मार्चमध्ये फोंड्यातल्या माझ्या फोटो स्टुडिओसाठी एक जुना असेंबल्ड पीसी घेतला. विंडोज १० आधीच टाकलेलं होतं, ५०० जीबीच्या एनव्हीएमई एसएसडीवर (थेट मदरबोर्डवर बसणारी डिस्क), तोच सी ड्राइव्ह. चालू कामासाठी १ टीबीची साटा एसएसडी आणि संग्रहासाठी ४ टीबीची हार्ड डिस्क मी स्वतः बसवली. दोन्ही साटा जोडणीच्या, म्हणजे केबलने मदरबोर्डला जोडायच्या. मशीन वेगवान आहे, आवाज करत नाही, अल्बमची कामं झपाझप उरकतात. त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पहिल्याच दिवशी एक गोष्ट मात्र खटकली होती. खाली उजव्या कोपऱ्यात पेनड्राइव्ह काढण्यासाठी जी खूण असते, तिच्या यादीत पेनड्राइव्हसोबत या दोन्ही डिस्कही दिसत होत्या. कॅबिनेटच्या आत, स्क्रू मारून बसवलेल्या डिस्क! असेल काहीतरी, म्हणून मी सोडून दिलं.

मे महिन्यात ते अंगाशी आलं. लग्नसराई ऐन भरात होती. एक गिऱ्हाईक काउंटरवर ताटकळत होतं, त्यांना मडगावची बस गाठायची होती. भाच्याने फोटो पेनड्राइव्हवर घातले, घाईघाईत यादी उघडली आणि एका ओळीवर क्लिक केलं.

“मामा, डी ड्राइव्ह दिसत नाही.”

पाच वर्षांची लग्नं, मुंजी, बारशी, मंगेशीची नि कवळ्याची जत्रा, सगळं त्या संग्रहाच्या ४ टीबीच्या डिस्कवर. पोराचा चेहरा पांढराफटक पडला होता. एखादी फाइल उघडी असती तर विंडोजने ‘डिव्हाइस वापरात आहे’ म्हणून अडवलं असतं, पण फोटो चालू कामाच्या एसएसडीवरून जात होते, ही डिस्क तेव्हा वापरात नव्हती. मशीन रीस्टार्ट केलं आणि डी ड्राइव्ह जागेवर आला, एकही फाइल न हरवता. रीस्टार्टचीही गरज नव्हती हे नंतर कळलं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये (जोडलेल्या हार्डवेअरची विंडोजमधली यादी) ‘स्कॅन फॉर हार्डवेअर चेंजेस’ केलं की काढलेली डिस्क सहसा परत येते. शिवाय ‘इजेक्ट’ म्हटल्यावर विंडोज लिहायचं राहिलेलं सगळं आधी लिहून टाकतं, मगच डिस्क सोडतं. भाच्याला मी बोललो नाही. दोन मॉडेल नंबर आणि एक पेनड्राइव्ह अशा तीन ओळींतून घाईत नेमकी ओळ निवडायची जबाबदारी त्याच्यावर टाकणं हीच चूक होती.

त्या रात्री कारण शोधत बसलो, आणि ते कळल्यावर मला खरोखर आनंद झाला. साटा डिस्क चालू मशीनमधून काढता-घालता यावी अशीच घडवलेली असते. एखादी डिस्क हातात घेऊन तिचं पॉवरचं कनेक्टर नीट बघा. १५ पट्ट्यांपैकी काही इतरांपेक्षा किंचित पुढे आलेल्या दिसतील. त्यांत ग्राउंडच्या पट्ट्या असतात, आधी त्या टेकतात, मग वीज येते. जुन्या रुंद रिबनवाल्या आयडीई डिस्कला हे जमत नव्हतं. आता मदरबोर्डचा बायॉस, म्हणजे मशीन सुरू होताना विंडोजच्याही आधी चालणारा प्रोग्रॅम, प्रत्येक साटा पोर्टबद्दल विंडोजला सांगतो, की हा पोर्ट हॉट-प्लगचा (मशीन चालू असताना डिस्क काढता-घालता येणारा) आहे किंवा नाही. आहे म्हटलं की विंडोज त्याला जोडलेली डिस्क काढता येणारी धरतं. डिस्क पेटीच्या आत आहे की बाहेर, हे त्याला दिसत नाही. म्हणजे विंडोज चुकत नव्हतं, त्याला तसं सांगण्यात आलं होतं. सी ड्राइव्ह मात्र माझ्याकडे यादीत कधी आला नाही, कारण विंडोज स्वतः त्यावरच चालतं.

पहिला उपाय सोपा होता. बायॉसमध्ये साटाच्या पानावर त्या दोन पोर्टांचं ‘हॉट प्लग’ बंद केलं. यादी स्वच्छ झाली, जूनभर शांतता होती.

जुलैत दोन्ही डिस्क पुन्हा यादीत. आपल्याकडे पावसात वीज कडाडायला लागली की आम्ही रात्री सगळे प्लग काढून ठेवतो. बोर्डवरची बटणासारखी बॅटरी संपलेली होती, त्यामुळे प्लग काढला की बायॉस मूळ सेटिंगवर जायचा. तारीख चुकायला लागली, ब्राउझर प्रत्येक साइट असुरक्षित म्हणायला लागला, तेव्हा लक्षात आलं. सीआर २०३२ बॅटरी बदलली. जुना बोर्ड घेणाऱ्याने ती पहिल्याच दिवशी बदलावी, काही रुपयांचं काम आहे.

तरी आता मला केवळ बायॉसच्या भरवशावर राहायचं नव्हतं, म्हणून रजिस्ट्रीतही, म्हणजे विंडोज आपली सेटिंग्ज जिथे साठवतं तिथेही, नोंद केली. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्कच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘लोकेशन’समोर बस नंबर, म्हणजे पोर्टचा क्रमांक, दिसतो. माझे २ आणि ३ होते. रजिस्ट्रीत लोकल मशीनखाली सिस्टिम, करंटकंट्रोलसेट, सर्व्हिसेस, स्टोरएएचसीआय (storahci), पॅरामीटर्स, डिव्हाइस इथपर्यंत जायचं आणि ‘ट्रीटअ‍ॅजइंटर्नलपोर्ट’ नावाची मल्टी-स्ट्रिंग (अनेक ओळींची) व्हॅल्यू करायची. नाव इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता: TreatAsInternalPort. आत एका ओळीवर एकच नंबर, मग रीस्टार्ट. रजिस्ट्रीला हात लावण्याआधी तिची प्रत काढून ठेवा, ही मनापासून विनंती. हे फक्त विंडोजच्या स्वतःच्या एएचसीआय ड्रायव्हरला (साटा डिस्क चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला) लागू होतं. चिपसेटवाल्या कंपनीचा स्टोरेज ड्रायव्हर घातलेला असेल तर ही नोंद वाचलीच जात नाही. विंडोज ७ मध्ये ड्रायव्हरच वेगळा, त्यामुळे जागाही वेगळी.

ऑगस्टपासून आज डिसेंबरपर्यंत एकदाही डिस्क यादीत दिसलेली नाही. मधल्या काळात विंडोजचे अपडेट आले, चवथीच्या दिवसांत वीज कितीदा गेली, तरी नोंद टिकून आहे. डिस्कचा वेग आहे तसाच आहे. संग्रहाची दुसरी प्रत आता बाहेरच्या डिस्कवर घरी ठेवतो, ती सवय मेमधल्या त्या दुपारने लावली.

एक पोर्ट मी मुद्दाम हॉट-प्लगवर ठेवलाय. कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला ट्रे बसवलाय, कुणी जुन्या पीसीतली डिस्क घेऊन आलं की मशीन बंद न करता त्यात सरकवतो. तिचा बस नंबर ४, तो रजिस्ट्रीत घातलेला नाही. ती डिस्क यादीत दिसते, आणि तिने दिसायलाच हवं. भाचा ती तिथूनच इजेक्ट करतो आणि मगच ट्रे ओढतो.