स्विच २ सोबत सात महिने: यंत्र झकास, मालक चिक्कू

गोव्यात आमच्या डिचोलीच्या मूळ घरी चवथीला पंचवीसेक माणसं जमतात. गेल्या चवथीला धाकटा भाऊ दुबईहून येताना निन्टेंडो कंपनीचं गेम खेळायचं यंत्र, स्विच २, घेऊन आला. आरती झाली, नेवऱ्या झाल्या आणि लाईट गेली. टीव्ही बंद. भावाने टीव्हीला जोडणाऱ्या डॉकमधून कन्सोल, म्हणजे ते यंत्र, उपसला, मागचा स्टँड उघडून पाटावर ठेवला आणि दोन्ही बाजूंचे जॉय-कॉन, म्हणजे हातात धरायचे कंट्रोलर, काढून भाचरांच्या हातात दिले. समईच्या उजेडात मारिओ कार्ट वर्ल्ड, गाड्यांच्या शर्यतीचा गेम! सत्तरी ओलांडलेली आत्या 'अरे, केळ्याच्या सालीवरून घसरलास मरे!' म्हणून ओरडत होती.

तेव्हापासून यंत्र माझ्याकडेच आहे. भाऊ विसरला, मी आठवण केली नाही.

७.९ इंची स्क्रीन सुरेख, जॉय-कॉन चुंबकाने टक्कन बसतात, आधीच्या स्विचचे माझे गेमही चालतात. बॅटरी मात्र बेताची. कंपनीच दोन ते साडेसहा तास म्हणते, आणि भारी गेम लावला की मी दोनच्या बाजूलाच असतो. आमच्याकडची लाईट त्याहून जास्त वेळ जाते. पावसाळ्यात मी तो सिलिकाच्या पुड्यांसोबत स्टीलच्या डब्यात ठेवायचो. बायको त्याला देव्हारा म्हणते.

आता मालकांकडे, म्हणजे निन्टेंडोकडे वळतो. सातोरु इवाता अध्यक्ष असल्यापासूनचा मी भक्त. २०११ साली त्यांचं हातात धरून खेळायचं थ्रीडीएस यंत्र खपेना, तेव्हा त्यांनी सहा महिन्यांच्या आत किंमत २५ हजार येनवरून १५ हजारांवर आणली, आधी घेतलेल्यांना वीस जुने गेम फुकट दिले आणि स्वतःचा पगार निम्मा केला. वी यू हा कन्सोल आपटल्यावर २०१४ मध्ये पुन्हा काही महिने पगार निम्मा. माणूस मुळात प्रोग्रामर, चूक कुठे झाली ते बघून ती स्वतः निस्तरणारा.

२०१८ पासून अध्यक्षपदी शुंतारो फुरुकावा आहेत. ते हिशेबाच्या बाजूने वर आलेले, आणि ते दिसतं. २०२५ मध्ये बाजारात आणताना जपानमध्ये फक्त जपानी भाषेचा स्विच २ त्यांनी ४९,९८० येनला ठेवला आणि सगळ्या भाषांचा ६९,९८० ला. यावर बरीच आरडाओरड झाली, पण मला हे पटतं. म्हापशाच्या बाजारात नुस्तेंवाली, म्हणजे मासेवाली, तरी आपल्या माणसाला आणि टुरिस्टाला एकच भाव सांगते काय? पण बांगड्याचं हुमण कसं करायचं ते ती फुकट सांगते. इथे यंत्राची ओळख करून देणारा 'वेलकम टूर' वेगळे १० डॉलर मोजून घ्यायचा. सुरुवातीच्या ४५० डॉलरच्या खोक्यात तो बसला नसता? २००६ मध्ये जपानबाहेर त्यांच्याच वी कन्सोलसोबत 'वी स्पोर्ट्स' हा गेम येत होता, आणि ज्यांनी कधी कंट्रोलर धरला नव्हता तेही बोलिंग खेळले. आत्यासारखी माणसं अशीच येतात.

गेम-की कार्ड हे दुसरं दुखणं. दिसायला कार्ट्रिज, पण त्यावर गेम नसतोच, तो नेटवरून उतरवायचा आणि खेळताना कार्डही घालून ठेवायचं. एका दुसऱ्याच कंपनीचा असा गेम मी घेतला. नेमका त्या आठवड्यात वादळाने गावातलं नेट घालवलं. कार्ड चार दिवस टेबलावर, मी चार दिवस दारात. एवढं खरं, की हे कार्ड दुसऱ्याला देता येतं, विकता येतं. डाउनलोड कोडचं तसं नाही.

घ्यावा का? घरात माणसं जमत असतील तर जरूर. एकटेच खेळणार असाल तर ओलेड स्क्रीनचा जुना स्विच अजून काही वाईट नाही. भारतात अधिकृत विक्री नाही, तेव्हा बिघडला तर परत पाठवायची सोय आधी बघा.

शिगम्याला भाऊ येतोय. काल फोनवर त्याने सहज विचारलं, 'तो गेम कुठे असतो रे हल्ली?' मी त्याला नारळाचा भाव सांगितला.