नऊ महिने नवा ५२५० एम्युलेटर वापरल्यानंतर

आमचं ऑफिस मरोळला, गोडाऊन भिवंडीला, धंदा औषधांच्या घाऊक विक्रीचा. बिलिंग, स्टॉक, उधारी, सगळं एएस/४०० या आयबीएमच्या मध्यवर्ती संगणकावर. १९८८ पासून या मशीनची नावं बदलत गेली, आज ते पॉवर सर्व्हरवरचं आयबीएम आय आहे, पण आमच्या ईडीपीत, म्हणजे संगणक विभागात, अजून सगळे एएस/४०० च म्हणतात. गेल्या वर्षी आम्ही ७.४ व्हर्जनवर गेलो आणि जुना ५२५० एम्युलेटर, म्हणजे पीसीवर त्या मशीनची स्क्रीन दाखवणारं सॉफ्टवेअर, जोडलाच जाईना. ७.४ मध्ये टीएलएसच्या (जोडणी गुप्त ठेवणाऱ्या पद्धतीच्या) १.० आणि १.१ या जुन्या आवृत्त्या मुळातच बंद असतात आणि त्या जुन्या सॉफ्टवेअरला त्यापुढचं काही येत नव्हतं. पोर्ट २३ वर साधं टेलनेट, म्हणजे गुप्त न ठेवलेली जोडणी, चालू करून द्या, असा सल्ला मिळाला. मी नाही म्हटलं. त्यात पासवर्ड उघडा जातो आणि इथे लोकांच्या औषधांचा हिशेब आहे. आयबीएमच्या अ‍ॅक्सेस क्लायंट सोल्युशन्समधल्या ५२५० ला लायसन्स लागतं, चाळीस पीसींचा तो खर्च मालकांना जड वाटला, म्हणून एका छोट्या कंपनीचा स्वस्त एम्युलेटर घेतला.

डेमो पंधरा मिनिटांत पास झाला. ९९२ या सुरक्षित पोर्टवर साइन-ऑन स्क्रीन आली, मेनू उघडला, एफ३ ने बाहेर पडलो. तेवढ्यावर सही करायला नको होती, असं मला आज मनापासून वाटतं.

पहिली तक्रार बिलिंगच्या ताईंची. त्या वीस वर्षं नंबर पॅडवरच्या प्लसने फील्ड एक्झिट करतात, म्हणजे एक खाना संपवून पुढच्यात जातात, की-बोर्डकडे न बघता. नव्या एम्युलेटरच्या की-मॅपमध्ये फील्ड एक्झिट नव्हतंच, इन्स्टॉल करणाऱ्याने त्या कळीवर टॅब बसवून दिला. कर्सर पुढच्या खान्यात जातो, तेव्हा वरवर फरक कळत नाही. पण फील्ड एक्झिट कर्सरपासून पुढचं पुसतं, टॅब पुसत नाही. चार आकडी खान्यात आधी १५०० होते, ताईंनी त्यावर २० टाइप करून प्लस दाबलं, आणि ऑर्डर गेली २००० ची. चलन बघून गिऱ्हाइकाचा फोन आला तेव्हा कळलं. चूक ताईंच्या नावावर लागत होती, म्हणून मी त्यांच्या शेजारी बसून ती एक ऑर्डर पाच वेळा टाकून बघितली. कंपनीने दोन महिन्यांनी अपडेट दिला, आता ती कळ नीट चालते.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. फ्रिजमध्ये ठेवायच्या मालाच्या नावापुढे आमच्याकडे उद्गारचिन्ह लावतात आणि रात्रीचा कोल्ड रिपोर्ट त्या चिन्हावरच माल वेचतो. ईबीसीडिक ही आयबीएमची अक्षरांना अंक देण्याची पद्धत, कोड पेज म्हणजे तिचा तक्ता. आमचा होस्ट, म्हणजे एएस/४००, कोड पेज ३७ वर, एम्युलेटर डिफॉल्टने ५०० वर. अक्षरं आणि आकडे दोन्हीकडे सारखेच, म्हणून डेमोत काहीच दिसलं नाही. पण ३७ मधलं उद्गारचिन्ह म्हणजे हेक्स ५ए, आणि ५०० मध्ये ५ए म्हणजे बंद होणारा चौकोनी कंस. सगळ्या जुन्या नावांपुढे कंस दिसायला लागले. आयटम मास्टर सांभाळणाऱ्या मुलाला वाटलं, डेटा बिघडला. त्याने प्रामाणिकपणे एकेक नाव उघडून कंसाच्या जागी उद्गारचिन्ह टाकलं. एम्युलेटरने ते ४एफ म्हणून पाठवलं, म्हणजे होस्टच्या लेखी उभी रेघ. त्याच्या स्क्रीनवर आता सगळं बरोबर दिसत होतं आणि फाइलमध्ये बरोबर असलेली नोंद चुकीची झाली होती. रिपोर्टमधून इन्सुलिनचे अकरा आयटम गळले. भिवंडीच्या सुपरवायझर काकांनी खोक्यावरचं २ ते ८ अंश वाचलं आणि साध्या रॅकवर माल लावू दिला नाही, म्हणून वाचलो. मी क्वेरी चालवून ४एफ असलेली नावं शोधली आणि एका रविवारी सगळी परत दुरुस्त केली.

भिवंडीची लाइन पावसाळ्यात दिवसातून दोन-तीनदा तुटते. एम्युलेटरने डिव्हाइसचं नाव, म्हणजे होस्टला तो पीसी ओळखायचं नाव, पाठवलं नाही की होस्ट क्यूपॅडेव्हने सुरू होणारं, मिळेल ते नाव देतो आणि अर्धवट राहिलेलं काम हाती लागत नाही. प्रत्येक पीसीला पक्कं नाव दिलं, लाइन तुटल्यावर कामाचं काय करायचं हे ठरवणारी क्यूडेव्हआरसीवायएसीएन ही सिस्टिम व्हॅल्यू डिस्कनेक्टवर ठेवली, तेव्हा तोच माणूस त्याच पीसीवरून परत साइन-ऑन झाला की आपल्या अर्ध्या चलनावर परत येतो. मात्र लाइन तुटल्याचं होस्टला कळेपर्यंत ८९०२ हा एरर येतो, डिव्हाइस उपलब्ध नाही. त्यासाठी टेलनेटची कीप-अलाइव्हची, म्हणजे जोडणी जिवंत आहे का तपासण्याची, वेळ कमी करावी लागली. यात एम्युलेटरचा दोष नाही, नाव पाठवण्याची सोय त्यात चांगली आहे.

प्रिंटिंगमध्ये आठवडा गेला. डॉट मॅट्रिक्सवरची तीन-प्रतींची चलनं विंडोजच्या ड्रायव्हरमधून सरकत होती, होस्ट प्रिंट ट्रान्सफॉर्म (छपाईचं रूपांतर होस्टवरच करणारी सोय) चालू केल्यावर जागेवर आली. रुंद स्क्रीनसाठी डिव्हाइस टाइप, म्हणजे एम्युलेटर कुठल्या जुन्या टर्मिनलची नक्कल करतो ते, ३१७९-२ बदलून ३४७७-एफसी केला. आता स्पूल फाइल (छापायला ठेवलेला रिपोर्ट) १३२ कॉलममध्ये दिसते, उजवीकडे सरकायला सारखं एफ२० दाबावं लागत नाही.

सध्याची व्यवस्था अशी: बिलिंग, आयटम मास्टर आणि कोल्ड स्टोअरच्या बारा पीसींसाठी मी मालकांकडून आयबीएमचं लायसन्स मंजूर करून घेतलं. उरलेल्या पीसींवर नुसती स्टॉकची चौकशी होते, तिथे स्वस्त एम्युलेटर कोड पेज ३७ करून ठेवला आहे आणि तिथे तो बिनतक्रार चालतो. तुम्ही कुठलाही एम्युलेटर घेणार असाल तर डेमोत भरलेल्या खान्यावर छोटा आकडा टाकून फील्ड एक्झिट करा, एका पीसीवर उद्गारचिन्ह टाकून ते दुसऱ्या एम्युलेटरवर उघडा, आणि चालू कामात नेटवर्कची केबल ओढून बघा. हे बघायला रोज ज्यांचे हात त्या कळांवर असतात त्यांनाच बसवा. आमच्या ताईंना मी आता प्रत्येक अपडेटच्या आधी बोलावतो. मागच्या वेळी त्यांनी प्लस दाबलं, मान हलवली आणि पुढचं बिल घेतलं.