अल्फ्रेस्को कम्युनिटी: मशीन शॉपमध्ये पाऊण वर्ष वापरल्यानंतर

आमचं युनिट भोसरी एमआयडीसीतलं. गिअरबॉक्सचे शाफ्ट आणि बुश बनवतो. फोर्जिंग बाहेरून येतं, हीट ट्रीटमेंट जॉबवर्कला जाते, मशिनिंग आणि ग्राइंडिंग आमच्याकडे होतं. एवढ्या प्रवासात एका लॉटमागे मटेरियल टीसी (धातूचं टेस्ट सर्टिफिकेट), चलन, जीआरएन (माल मिळाल्याची नोंद), इनवर्ड तपासणीचा रिपोर्ट, हार्डनेस रिपोर्ट, लाइन इन्स्पेक्शनची शीट, पीडीआय (माल पाठवण्याआधीची तपासणी) आणि इन्व्हॉइस इतके कागद जमतात. हे सगळं आधी थोडं बॉक्स फायलींत, थोडं शेअर्ड ड्राइव्हवर आणि बरंचसं लोकांच्या व्हॉट्सॲपवर असायचं. गेलं पाऊण वर्ष ते अल्फ्रेस्को या कागदपत्रं साठवायच्या आणि शोधायच्या सॉफ्टवेअरच्या मोफत, म्हणजे कम्युनिटी आवृत्तीत ठेवतोय. मी क्वालिटी बघतो, त्यामुळे हे सगळं वापरणाऱ्याच्या बाजूने लिहितोय.

मालकांचा प्रश्न सुरुवातीपासून एकच होता: याने धंद्याला काय मिळणार? अशी सिस्टीम विकायला येणारे सांगतात की कागदाची बचत होते, कपाटं रिकामी होतात. माझ्या मते तो फायदा फार किरकोळ आहे. कागदाच्या रिमचे पैसे वाचवायला कुणी सर्व्हर घेऊ नये. पैसा वाचतो तो वेगळ्याच जागी, आणि आम्हाला तो पहिल्यांदा दिसला हीट नंबरमुळे, म्हणजे धातू ज्या एका वितळणीतून आला तिच्या क्रमांकामुळे.

एका ग्राहकाकडून तक्रार आली की अमुक पार्टचा हार्डनेस कमी लागतोय. अशा वेळी ग्राहकाला काही तासांत सांगावं लागतं की संशयित माल कोणता आणि तो कुठे कुठे आहे. सांगता आलं नाही तर आपल्या स्टोअरमधला, वाटेतला आणि ग्राहकाच्या लाइनवरचा सगळाच माल अडकतो. सॉर्टिंगचा खर्च आपल्या डोक्यावर येतो आणि मागाहून डेबिट नोट येते ती वेगळीच. पूर्वी अशा तक्रारीला आम्ही दोन माणसं रजिस्टरं उलटायला बसवायचो आणि तरी खात्री नसल्याने जास्तीचाच माल बाजूला काढायचो. या वेळी शोधाच्या खिडकीत हीट नंबर टाकला. त्या हीटचा टीसी, त्यातून पडलेले लॉट, बाहेर गेलेल्या चलनांच्या प्रती, हीट ट्रीटमेंटच्या भट्टीतल्या बॅचचे रिपोर्ट आणि कोणत्या इन्व्हॉइसवर माल गेला ते, असं सगळं एका यादीत आलं. शंका एकाच भट्टी बॅचवर येऊन थांबली. तेवढाच माल होल्डवर गेला, बाकीची गाडी सुटली. त्या संध्याकाळी मालकांनी खर्चाचा विषय पुन्हा काढला नाही.

हे आपोआप झालं असं मात्र समजू नका. हीट नंबर हा आमच्या प्रत्येक कागदावरचा सक्तीचा रकाना आहे. अल्फ्रेस्कोत कागदाचा प्रकार ठरवता येतो आणि त्या प्रकाराला कोणते रकाने हवेत तेही ठरवता येतं. शिवाय रकान्यांचा एखादा संच नंतर कुठल्याही कागदाला जोडता येतो, त्याला ते ॲस्पेक्ट म्हणतात. उदाहरणार्थ, ‘वैधता संपण्याची तारीख’ हा संच गेजच्या कॅलिब्रेशन सर्टिफिकेटलाही लागतो आणि पुरवठादाराच्या आयएसओ सर्टिफिकेटलाही. ज्यांनी सिस्टीम बसवून दिली त्यांनी शेअर्ड ड्राइव्हवरचे फोल्डर जसेच्या तसे उचलून आत टाकले होते. तेवढ्यावर सोडलं असतं तर तोच गोंधळ ब्राउझरमध्ये दिसला असता, बाकी काही नाही. मग स्टोअर, परचेस, क्वालिटी आणि अकाउंट्सची माणसं एका टेबलाशी बसवली आणि प्रत्येकाला विचारलं, ‘तुम्ही हा कागद शोधता तेव्हा काय सांगून शोधता?’ त्या उत्तरांतून रकाने निघाले. एका कागदाला पाचाहून जास्त रकाने ठेवायचे नाहीत हा नियम केला आणि तो आजही पाळतो.

स्टोअरचे काका आधी नाराज होते. ‘साहेब, आधी फाइल लावत होतो, आता रकाने पण भरू का?’ त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, काम त्यांच्याकडे वाढतं आणि फायदा दुसऱ्या खात्याला दिसतो. म्हणून पुरवठादार आणि पार्ट नंबर टाइप करायला न लावता यादीतून निवडायला दिले. रकान्यांची नावंही मराठीत केली. एक गोष्ट इथे उपयोगी पडली. सक्तीचा रकाना रिकामा ठेवून कुणी फाइल नुसती ओढून टाकली तर सिस्टीम ती घेते, पण तिच्यावर ‘अपूर्ण’ अशी खूण लावते. त्या खुणेवर शोध लावून रोज सकाळी यादी काढतो आणि दुपारच्या आत ती निकाली लावतो. ही सवय मोडली की महिन्याभरात शोध निकामी होतो, हे इतर कारखान्यांत मी पाहिलंय.

दुसरी मोठी गोष्ट ड्रॉइंगची. जुन्या रिव्हिजनवर माल कापला गेला की तो भंगारातच जातो, त्यावर चर्चा नाही. पूर्वी कंट्रोल्ड कॉपीवर शिक्का मारून वाटायचो आणि नवीन आली की जुनी गोळा करायचो. मशीन लावून देणाऱ्या सेटरच्या ड्रॉवरमध्ये एखादी राहायचीच. आता लॉटसोबत फिरणाऱ्या रूट कार्डवर क्यूआर कोड आहे, सेलजवळच्या टॅबवर तो स्कॅन केला की चालू ड्रॉइंगच उघडतं. छापील प्रत शॉपवर ठेवायचीच नाही. इथे एक बारकावा सांगतो. अल्फ्रेस्को स्वतःचे आवृत्ती क्रमांक देतं, १.०, १.१, २.० असे. ग्राहकाची रिव्हिजन ए, बी, सी ही वेगळी असते. आपण नुसती टीप सुधारून तीच फाइल पुन्हा टाकली तरी सिस्टीमचा आकडा पुढे सरकतो. म्हणून ग्राहकाची रिव्हिजन स्वतंत्र रकान्यात ठेवा आणि टॅबवर तीच मोठ्या अक्षरात दाखवा. आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकात ग्राहकाच्या बदलांचा आढावा सूचना मिळाल्यापासून कामाच्या १० दिवसांत पूर्ण व्हावा अशी अपेक्षा आहे. त्यासाठी मंजुरीचा वर्कफ्लो लावलाय, कुणाच्या टेबलावर किती दिवस अडकलं ते ऑडिटरला तिथेच दिसतं.

कागद किती वर्षं ठेवायचा, हा प्रश्नही याच निमित्ताने सुटला. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने, कंपनी कायद्याप्रमाणे हिशेबाची पुस्तकं ८ आर्थिक वर्षं आणि आयएटीएफप्रमाणे पीपॅप (पार्टला ग्राहकाची मंजुरी घेतानाची कागदपत्रं) व टूलिंगची रेकॉर्ड तो पार्ट उत्पादनात किंवा स्पेअर्समध्ये चालू असेतोवर, अधिक एक कॅलेंडर वर्ष. तीन खाती, तीन मुदती. आधी कुणी काही फेकायचंच नाही, म्हणून माळा भरलेला. आता प्रत्येक प्रकाराला मुदतीचा रकाना आहे. स्टँप पेपरवरचे करार, बँकेची कागदपत्रं वगैरे मूळ प्रती अर्थातच कपाटात आहेत आणि राहतील.

अकाउंट्सला यात काही मिळेल असं मला वाटलं नव्हतं, पण त्यांना बरंच मिळालं. २०२३ च्या वित्त कायद्याने तेव्हाच्या आयकर कायद्याच्या कलम ४३बी मध्ये जी भर घातली, तिच्यामुळे सूक्ष्म आणि लघु पुरवठादारांचे पैसे एमएसएमईडी या लघुउद्योगांसाठीच्या कायद्याच्या मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी वजा मिळतो. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५. ही मुदत माल स्वीकारल्यापासून मोजायची, आणि पुरवठादारांची बिलं तर आमच्याकडे इनवर्ड तपासणीच्या सहीसाठीच पडून राहायची. आता बिल, पीओ (खरेदीची ऑर्डर) आणि जीआरएन एकाच पीओ नंबरवर एकत्र दिसतात, पुरवठादाराचा उद्यम क्रमांक, म्हणजे लघुउद्योग नोंदणीचा क्रमांकही तिथेच असतो. हिशेब टॅलीतच होतो, त्याच्या जागी अल्फ्रेस्को येत नाही आणि आणूही नये.

आता अडचणी. स्कॅन केलेला कागद म्हणजे नुसतं चित्र, त्यातलं अक्षर शोधायचं तर ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर बनवणं, आधी करून घ्यावं लागतं, ते यात तयार मिळत नाही. आम्ही त्यासाठी टेसरॅक्ट हे सॉफ्टवेअर जोडलंय. ते मोफत आहे, मराठीही वाचतं, पण हाताने लिहिलेल्या तपासणी शीटवर भरवसा ठेवू नका, तिथे रकानेच कामाला येतात. मराठी मजकुरात ‘तपासणी’ शोधलं तर ‘तपासणीचा’ हाती लागत नाही, शब्दामागे तारांकन द्यावं लागतं. कॅडची डीडब्ल्यूजी फाइल स्क्रीनवर उघडून दिसत नाही, सोबत पीडीएफ ठेवावी लागते. परवानग्या वरच्या फोल्डरकडून खाली उतरतात, त्या मधेच तोडत गेलात तर कुणाला काय दिसतंय ते कुणालाच सांगता येत नाही. माणसांना थेट परवानगी न देता फक्त गटांना द्या.

बॅकअपबद्दल आग्रहाने सांगतो. फाइल डिस्कवर असते, पण तिचं नाव, रकाने आणि आवृत्त्या डेटाबेसमध्ये असतात. डिस्कवर नुसत्या लांबलचक नावांच्या ‘.bin’ फायली दिसतील, डेटाबेसशिवाय त्यांचा काही उपयोग नाही. दोन्हीचा बॅकअप हवा आणि तोही क्रमाने: आधी शोधाचा इंडेक्स, मग डेटाबेस, शेवटी फायली. कचरापेटी रिकामी केली तरी मूळ फाइल डिस्कवरून लगेच हलत नाही, मूळ सेटिंगमध्ये १४ दिवस जागेवर राहते. दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून पाहिल्याशिवाय बॅकअप आहे असं म्हणू नका.

लायसन्सचे पैसे नाहीत, पण सर्व्हर, बसवून देणाऱ्याची फी आणि जुने कागद स्कॅन करायला दिलेली माणसं, यांत पैसा जातोच. सर्वांत जास्त स्कॅनिंगवर गेला, म्हणून फक्त चालू पार्टचेच जुने कागद आत घेतले. कंपनीची मदत कम्युनिटी आवृत्तीला मिळत नाही आणि दोन-तीन सर्व्हर जोडून चालवायची सोय सशुल्क आवृत्तीतच आहे. एका प्लँटला त्याची गरज पडत नाही. जॉन न्यूटन यांनी १९९० मध्ये डॉक्युमेंटम या अशाच सॉफ्टवेअरच्या कंपनीच्या स्थापनेत भाग घेतला आणि २००५ मध्ये अल्फ्रेस्को उभं केलं. २०२० पासून ते हायलँड या कंपनीकडे आहे. मालकी बदलते, म्हणून बाहेर पडायची वाट आधीच बघितली. ओएसिस या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने २०१० मध्ये मान्य केलेलं सीएमआयएस नावाचं, अशा सिस्टीमनी एकमेकींशी देवाणघेवाण करायचं मानक यात चालतं, त्यातून फायली रकान्यांसकट बाहेर काढता येतात. आम्ही एका पार्टचे सगळे कागद तसे काढून तपासले, नीट आले.

ज्यांच्याकडे लॉट, हीट किंवा बॅचप्रमाणे माल शोधावा लागतो, फाउंड्री, औषधं, मसाले, काहीही असो, त्यांनी हे जरूर घ्यावं. दहा-बारा माणसांच्या ऑफिसला, जिथे सगळे एकमेकांना हाक मारून फाइल मागू शकतात, तिथे नीट नावं दिलेले फोल्डर पुरतात. घ्यायचंच ठरलं तर एकाच ग्राहकाच्या एका पार्टपासून सुरू करा आणि त्याची ट्रेसेबिलिटी, म्हणजे कच्च्या मालापासून ग्राहकापर्यंतचा माग, शेवटपर्यंत निघते का ते बघा. आमच्याकडे पुढचं काम जॉबवर्कवाल्यांना त्यांच्या पार्टपुरतं लॉगिन देण्याचं आहे, म्हणजे हार्डनेस रिपोर्ट गाडी यायच्या आधी आत पडेल.