जर्मनीतल्या फ्रायबेर्गच्या जुन्या गावात १४ महिने : पायांना दहापैकी नऊ, चाकांना शून्य

मागच्या मंगळवारी पहाटे पावणेपाचला बाबांच्या बॅगेचं चाक तुटलं. आधी खडखड चालली होती ती खरखर झाली, मग एकदम ओढ लागली आणि मागून बाबांचा आवाज आला, "गेलं न व माय चाक!" स्टेशन अजून बारा मिनिटांवर. ड्रेस्डेनची गाडी गाठायची, तिथून पुढे फ्रँकफुर्ट, मग विमान. नवऱ्याने २३ किलोंची बॅग खांद्यावर घेतली, बाबांनी त्याची सॅक घेतली, आणि मी ते तुटलेलं चाक उचलून खिशात टाकलं. वॉरंटीसाठी.

हे आमचं दुसरं चाक. पहिलं आम्ही इथे राहायला आलो त्याच दिवशी गेलं होतं. तेव्हा वाटलं, बॅग जुनी होती, नागपूर स्टेशनवर हमालांनी आपटली असेल. ही मात्र पाच महिन्यांपूर्वी ११९ युरो मोजून घेतलेली, चार चाकांची, सगळीकडे गर्रकन फिरणारी. दुकानात खरंच फिरत होती. दुकानात फरशी होती.

हे वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांना इथल्या विद्यापीठात प्रवेश मिळाला असेल, त्यामुळे बेर्गआकाडेमी म्हणजे खाणकामाचं विद्यापीठ, १७६५, चांदी वगैरे पुन्हा सांगत बसत नाही. एवढंच, की हे फ्रायबेर्ग आहे, फ्रायबुर्ग नव्हे. ते दुसरं देशाच्या पार नैऋत्य टोकाला आहे. माझ्या मावससासूबाईंनी पाठवलेला दिवाळीचा फराळ आधी तिकडे फिरून आला. चकल्यांचा चुरा झाला तो बहुधा तिथलाच. तिकीट काढताना स्पेलिंग दोनदा बघा.

आता घराबद्दल. ५२ चौरस मीटर, दुसरा मजला, उंटरमार्क्टपासून, म्हणजे खालच्या बाजारापासून, दोन गल्ल्या. भाडं ३६० युरो, वर पाणी-हीटिंगचे १४० वेगळे. ड्रेस्डेनमध्ये एवढ्या भाड्यात काय दिसतं ते आम्ही बघून आलो होतो, म्हणून घर न बघताच हो म्हटलं. जाहिरातीत लिहिलं होतं की जुन्या गावात सगळं चालत गाठता येतं. ते शंभर टक्के खरं निघालं. बेकरी दोन मिनिटं, दवाखाना सहा, किराणा आठ. वाचनालय धान्याच्या जुन्या कोठारात आहे, तेही सहाच मिनिटांवर. नवरा जुन्या राजवाड्यासमोरून विद्यापीठात चालत जातो आणि जेवायला घरी येतो. गाडी घेतली नाही, घेणारही नाही. महिन्याचं डॉइचलांड-तिकीट (देशभरच्या लोकल गाड्या-बसचा पास) मात्र २०२५ मध्ये ४९ चं ५८ झालं, त्याचा राग आहेच.

मी चंद्रपूरची. तिथेही कोट आहे, वेशी आहेत, खाणी आहेत. पण जटपुरा गेटातून संध्याकाळी चालत जाऊन दाखवा म्हणावं. इथे मी पहिले दोन महिने नुसती भटकत होते. वरच्या चौकात, म्हणजे ओबरमार्क्टवर, मार्ग्रेव्ह ऑटो या जुन्या सरदाराचा पुतळा आणि त्याच्या पायाशी कारंज्याचे सिंह. तिथून उतारावर खालच्या बाजाराकडे आलं की कॅथेड्रल. त्याचं सोनेरी दार १२३० च्या सुमाराचं. १४८४ च्या आगीत जवळजवळ अख्खं गाव जळालं, दार तेवढं वाचलं. बाकीची उंच उतरत्या छपरांची घरं त्या आगीनंतर उठलेली. आत झिल्बरमान या कारागिराने बांधलेला १७१४ चा ऑर्गन आहे. मला त्यातलं काही कळत नाही, पण पहिल्यांदा ऐकला तेव्हा बाकाची फळी मांडीखाली थरथरत होती ते लक्षात राहिलं.

तर पायांना नऊ. एक मार्क हिवाळ्यासाठी कापला. गाव चारशे मीटर उंचीवर आहे, बर्फ साचतो, आणि त्यावर बारीक खडी टाकतात ती मार्चपर्यंत बुटातून घरात येत राहते.

आता दगड.

माझ्या दारापासून ओबरमार्क्टपर्यंत सगळा रस्ता दगडाचा. साधारण मुठीएवढे, वरून गोलसर झालेले, मध्ये बोटभर फटी. चालताना काही वाटत नाही, उलट बरं वाटतं. पण चाक म्हणून जे काही आहे, त्याचा हा रस्ता दुश्मन. बॅगेचं चाक फटीत बसतं, निघतं, पुढच्या फटीत बसतं, मीटरभरात आठ-दहा वेळा. कडेचा पादचारी पट्टा सपाट आहे, तर तो एवढा अरुंद की समोरून बाबागाडी आली की आपण पुन्हा दगडांवर. भाजीची दोन चाकी पिशवी घेतली होती, तिच्यातली अंडी तिसऱ्या आठवड्यात घरी पोचेपर्यंत फेटून तयार. या गावची खासियत म्हणजे अंड्यांचा केक, आयरशेके. शेजारी म्हणतात, त्यात दही-चक्क्यासारखा क्वार्क घालत नाहीत, कारण कोट बांधताना तो सगळा चुन्यात घातला. मला वाटतं, तेव्हाही कुणीतरी अंडी चाकावरूनच आणली असणार.

मी गंमत करत नाहीये, माझ्या डोक्यात आता या गावाचा वेगळा नकाशा आहे. कुठल्या गल्लीत डाव्या हाताला गुळगुळीत लाद्यांची पट्टी आहे, ती कुठे संपते, कुठे रस्ता ओलांडला तर फक्त चार मीटर खडखडाट लागतो. नवरा म्हणतो, अगं बाई, लोक कॅथेड्रल बघायला येतात, तू लाद्या बघतेस. आणि आवाज! पहाटे पाच वाजता दोन्ही बाजूंना दगडी भिंती, मध्ये आपली बॅग. रणगाडा जातोय असं वाटतं. मागच्या वर्षी जिन्यात चिठ्ठी लागली होती, रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळावी. नाव नव्हतं, पण त्या आठवड्यात प्रवासाला गेलेलो आम्ही दोघंच.

मग डांबर का घालत नाहीत? हा प्रश्न मी घरमालकांना विचारला. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी कॅथेड्रल पाडायला सांगितलंय. २०१९ मध्ये हा अख्खा खाणपट्टा, एर्त्सगेबिर्ग, युनेस्कोच्या यादीत गेला आणि हे जुनं गाव त्याचाच भाग. त्याआधीपासूनच सगळी घरं वारसा-संरक्षणात. दाराचा रंग बदलायचा तरी विचारावं लागतं.

त्याच कारणाने आमच्या खिडक्या. इथे मला माझंच मत मागे घ्यायचंय. तीन महिने झाल्यावर मैत्रिणीला लिहिलं होतं, "चुकूनही जुन्या गावात घर घेऊ नको, खिडक्या म्हणजे शिक्षा आहे." या खिडक्या दुहेरी असतात, बाहेर एक तावदान, आत एक, मध्ये वीतभर पोकळी. नोव्हेंबरात कडेने वारा येई, सकाळी काचेवर पाणी, खाली लाकडावर काळे ठिपके. घरमालकांचं उत्तर ठरलेलं : दिवसातून तीनदा खिडक्या सताड उघडा, दहा मिनिटं. बाहेर उणे सहा असताना! मी चिडून मुद्दाम उघडत नसे. ठिपके वाढले.

डिसेंबरात फ्रिजमध्ये जागा नव्हती म्हणून कोथिंबिरीची जुडी त्या पोकळीत ठेवली आणि विसरले. नऊ दिवसांनी ताजी. तेव्हापासून डिसेंबर ते मार्च माझी ती पोकळी म्हणजे फडताळ झालीय. दही, लोणी, भिजवलेलं इडलीचं पीठ आंबल्यावर, सगळं तिथे. उत्तरेची खिडकी भाजीला, गल्लीकडची दुधाला. आणि सामान काढाघालायला दिवसातून चार वेळा उघडावी लागते, त्यामुळे ठिपकेही गेले. हे घरमालकांना सांगितलेलं नाही.

मेथीचं मात्र थोडक्यात बचावलो. घरामागे सामाईक अंगण आहे, एका कोपऱ्यात ऊन येतं. मी एप्रिलमध्ये कुदळ घेऊन उतरले तर पहिल्या मजल्यावरच्या आजी गॅलरीतून ओरडल्या. मला वाटलं, बाग त्यांची असेल. त्या खाली आल्या आणि एकच शब्द म्हणाल्या, आर्सेन. आठशे वर्षं इथे चांदी-शिसं काढलं, भट्ट्यांत गाळलं, त्यामुळे आजूबाजूच्या मातीत आर्सेनिक, शिसं, कॅडमियम उतरलंय. पालेभाजी तर जमिनीत लावायचीच नाही, कुंडी आणा, विकतची माती घाला. कुदळ तशीच परत ठेवली. मेथी आता चार कुंड्यांत आहे, एका भाजीला दीड महिना लागतो, आणि मातीचा हिशेब धरला तर जुडी मला तीन युरोंना पडते. तरी लावते.

जमिनीचं निघालंच म्हणून सांगते. इथे घर बघायला येणारे लोक विचारतात, खाली काही आहे का? म्हणजे बोगदा, जुनी खाण. खाणींचं सरकारी कार्यालय, ओबरबेर्गआम्ट, याच गावात आहे आणि राज्यभरातल्या जमिनीखालच्या पोकळ्यांचे नकाशे तिथे ठेवलेले असतात. आम्ही भाडेकरू, आम्हाला काय. पण पहिल्या महिन्यात रात्री फरशी करकरली की मी उठून बसायची.

बाबा ऑगस्टमध्ये आले. वेकोलित, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्स या कोळसा कंपनीत, ३१ वर्षं, सगळी दुर्गापूरच्या खुल्या खाणीत. त्यांना कॅथेड्रल दाखवलं, तर "छान आहे" म्हणाले. राजवाड्यातलं खनिजांचं प्रदर्शन दाखवलं, तिथे तीन तास काढले. मग राइशे त्सेखे या जुन्या खाणीत नेलं. हेल्मेट, दिवा, पिंजरा, आणि खाली दीडशे मीटर. पिंजऱ्याचं दार लागलं तेव्हा त्यांनी माझा हात धरला. मला तेव्हा कळलं की खाणीत अख्खं आयुष्य गेलेला हा माणूस जमिनीखाली पहिल्यांदाच उतरतोय. खुली खाण म्हणजे वर आभाळ असतं. खाली दहाएक अंश, भिंती ओल्या, आणि वाटाड्या प्रत्येकाला "ग्ल्युक आउफ" म्हणत होता. इथे दुकानातही लोक तसं म्हणतात, खाणकामगारांचा रामराम तो. बाबांनी तिसऱ्या वेळेला नीट म्हटलं.

वर आल्यावर बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, "बंद कधी पडली?" सांगितलं, चांदी १९१३ ला थांबली, मग पुन्हा शिसं-जस्त सुरू झालं, ते १९६९ ला संपलं. "अन् मग पोट्टे काहून राहिले इथं?" मी विद्यापीठाचं सांगितलं, सिलिकॉनच्या कारखान्यांचं सांगितलं, जर्मेनियम इथेच १८८६ ला सापडलं तेही सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे खाण चालू असतानाच शाळा काढली होती यायनं." आणि चपला काढून बाकावर पाय घेऊन बसले. त्यावर मला काही बोलता आलं नाही. मग दोघं दगडांवरून चालत परत आलो, त्यांच्या गुडघ्यांनी तक्रार केली नाही.

संध्याकाळचं एक ऐका. सातनंतर गाव झोपतं, रविवारी तर दुधाची पिशवीही मिळत नाही. शनिवारी विसरलात की संपलं. डिसेंबरात मात्र खिडक्याखिडक्यांत दिव्यांच्या कमानी लागतात, ओबरमार्क्टवर नाताळचा बाजार, आणि एका संध्याकाळी खाणकामगारांच्या जुन्या वर्दीत मशाली घेतलेली मिरवणूक. एकही चाक नसलेली मिरवणूक, हे मी नोंदवलं.

तर बॅगेचं. कंपनीला फोटोसकट तक्रार केली. उत्तर आलं : चाकांचं नुकसान "अयोग्य पृष्ठभागावरील वापरामुळे" झालं असल्याने वॉरंटी लागू नाही. मी लिहिलं की हा पृष्ठभाग म्हणजे रस्ता आहे, आणि पहिल्या वर्षात माल मुळात सदोष नव्हता हे इथे विकणाऱ्याने दाखवायचं असतं. त्यांनी रस्त्याचा फोटो मागितला. मी पाठवला, त्यात युनेस्कोची पाटीही येऊ दिली. त्यांनी लिहिलं, सुंदर गाव आहे. वॉरंटी नाही. चौथ्या ईमेलला १५ युरोंचं कूपन आलं.

पहिल्या मजल्यावरच्या आजींना हे सांगितलं तर त्यांनी तळघराचं दार उघडलं. आत लाकडी हातगाडी, लहान मुलांना बसवून फिरवतात तसली, हवेच्या टायरांची. म्हणाल्या, इथे सगळे हीच वापरतात, तुम्ही बॅगा का ओढता हे मला कधीच कळलं नाही. १४ महिने रोज वरून बघत होत्या! मी तसलीच जुनी एक ३० युरोंना घेतली. शनिवारी बटाटे, तांदूळ आणि एक डझन अंडी घालून वरच्या चौकातून खाली आणली. आवाज नाही. अंडी बारा.

कूपन महिनाअखेरीस संपतं. फक्त चाकांच्या बॅगेवर चालतं. कुणी सपाट गावात राहत असेल तर सांगा, पाठवते.