घरपोच ‘डॉक्टर’ आणि नाव नसलेलं इंजेक्शन

मांजराला खरूज झाली असेल आणि घरी येणारा कुणी ‘डॉक्टर’ एका इंजेक्शनात खाज बंद करून दाखवत असेल, तर त्याला आधी औषधाचं नाव विचारा. आमच्याकडे हेच दाखवून पैसे उकळले गेले.

मनीच्या कानांच्या कडांवर राखाडी पपुद्रे धरले, मग ते कपाळावर आणि मानेवर उतरले. खाजवून खाजवून रक्त काढायची. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाचा नंबर मिळाला. गृहस्थ आले, लांबूनच बघून ‘स्किन इन्फेक्शन’ म्हणाले, इंजेक्शन टोचलं आणि पुढच्या ‘कोर्स’चे साडेचार हजार यूपीआयने आगाऊ घेतले. चिठ्ठी नाही, बिल नाही. औषध कुठलं, तर ‘इम्पोर्टेड आहे, तुम्हाला नाही कळणार’. आईच्या हातांवरही पुरळ उठून खाज सुटली होती. ती म्हणे धुळीची ॲलर्जी!

खाज खरंच थांबली. घरात गृहस्थांचं कौतुक सुरू झालं. पपुद्रे मात्र जाडच होत होते, आणि मनी पाणी फार पिऊ लागली. मग शिंका, चिकट डोळे, नाकातून पिवळा शेंबूड. नाक चोंदल्याने वास येईना, तसं तिने खाणंच सोडलं. यावरही उत्तर तयार होतं: हा वेगळा आजार, याचं पॅकेज वेगळं, सहा हजार.

ते पॅकेज न घेता आम्ही दवाखाना गाठला. कचऱ्यात सापडलेली रिकामी कुपी सोबत नेली. लेबल खरवडलेलं होतं, तरी ‘डेक्सामेथा’ एवढी अक्षरं शाबूत होती. डेक्सामेथासोन म्हणजे स्टेरॉइड. त्याने खाज दबते, खरजेचा किडा मरत नाही. वर प्रतिकारशक्ती खाली येते. पुष्कळ मांजरांच्या अंगात सर्दी-शिंका आणणारा हर्पीसचा विषाणू दबा धरून असतो, तो अशा वेळी उसळतो आणि मागोमाग जिवाणूंचा संसर्ग होतो. मनीचंही तसंच झालं असावं, असं डॉक्टरीणबाईंचं मत पडलं. म्हणजे पहिल्या धंद्यातूनच दुसरा उभा राहत होता.

बाईंनी आधी विचारलं, घरात कुणाला खाज सुटते का? मांजराच्या खरजेचे किडे माणसालाही काही काळ त्रास देतात. मग कातडी खरवडून नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, किडे दिसले. ही तपासणी तिथल्या तिथे होते; गृहस्थांनी तिचं नावही काढलं नव्हतं. वजन करून मानेवर खरजेचे किडे मारणाऱ्या सेलामेक्टिनचे थेंब टाकले. सर्दीसाठी डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक दिलं. ही गोळी कोरडी दिली तर अन्ननलिकेत अडकून जखम करते, म्हणून मागून पाणी पाजायचं. बाथरूममध्ये गरम पाण्याची वाफ आणि वास सुटेल इतपत कोमट केलेली मासळी, यावर ती पुन्हा खाऊ लागली. (कुत्र्यांचं पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असलेलं औषध मांजराला चुकूनही लावू नका, जीव जातो.)

पशुवैद्यांची नोंदणी भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, 1984 नुसार होते. आमच्या गृहस्थांकडे नोंदणी क्रमांक मागितला, त्यानंतर फोन उचलणंच बंद झालं. पैसे अजून आलेले नाहीत. कुपीचा फोटो आणि यूपीआयच्या नोंदी जोडून राज्य पशुवैद्यक परिषदेकडे अर्ज केला आहे, ग्राहक हेल्पलाइन 1915 वरही तक्रार नोंदवली आहे. असाच अनुभव आलेलं आणखी कुणी असेल तर कुप्या फेकू नका आणि चॅट पुसू नका. अर्जाला तेवढंच लागतं.