गालिचा आटला नाही, यातच सगळं आलं

आधीचा गालिचा मीच घालवला. गच्चीवर नेला, पाइपाने भिजवला, धुण्याची पावडर टाकून खराखरा घासला आणि कठड्यावर वाळत टाकला. वाळल्यावर एक बाजू चार बोटं आत आलेली, कोपरे वळलेले आणि मागच्या तागाचा तपकिरी रंग पुढे उमटलेला. म्हणून या वेळी घरी येऊन कोरडी सफाई करून देणाऱ्यांना बोलावलं. तेही धाकधुकीतच.

आलेल्या माणसाने मशीनला हात लावायच्या आधी विचारलं, ‘‘ताई, एक कोपरा उलटून बघू का?’’ निम्मे गुण मी त्याला तिथेच दिले. मागे विणीची जाळी दिसत होती, त्यात सूत आणि ताग. असे धागे भिजले की फुगतात, जाड होतात आणि तेवढेच लांबीला आखडतात, असं त्याने समजावलं. टफ्टेड, म्हणजे तयार कापडात सुईने तंतू टोचून केलेला गालिचा असेल आणि मागचं अस्तर पॉलिप्रॉपिलीनचं (एक प्रकारचं प्लास्टिक) असेल, तर ही भीती बरीच कमी. मग कडेचा एक तंतू काढून त्याने बाहेर नेऊन जाळला. जळक्या केसांचा वास आला, म्हणजे लोकर. लोकरीला गरम पाणी आणि रगडणं एकत्र सोसत नाही. तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकतात आणि तिचा नमदा, म्हणजे घट्ट दाटलेला थर होतो. वर धुण्याची पावडर बहुधा अल्कधर्मी, तीही लोकरीला नको. गच्चीवर एका दुपारी मी काय काय केलं होतं, ते तेव्हा कळलं.

सर्वांत जास्त वेळ गेला नुसत्या व्हॅक्यूमला. उभा, आडवा, मग उलट्या बाजूनेही. मला वाटलं वेळ काढतोय, पण पिशवीतली धूळ बघून गप्प बसले. मग ओलसर पांढरा कपडा दाबून रंग सुटतो का ते पाहिलं, भुशासारखे दमट दाणे पसरले, मऊ ब्रशच्या मशीनने ते फिरवले आणि सुकल्यावर ओढून घेतले. मळ त्या दाण्यांना चिकटून येतो. गालिचा संध्याकाळी वापरात होता. मी आधी टेपने लांबी मोजून ठेवली होती (त्याला न सांगता). दोन दिवसांनी पुन्हा मोजली, तेवढीच भरली.

आता तक्रारी. शाईचा डाग फिका झाला, गेला नाही. भिंतीकडची काळपट रेघही तशीच आहे. दाणे मात्र आठवडाभर सोफ्याखालून निघत होते. सोफा हलवायचा का, हे त्याने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. लख्ख, नव्यासारखं हवं असेल तर ही पद्धत तुम्हाला पुरणार नाही.

पाचपैकी चार. शाईसाठी पुन्हा बोलावणार नाही, तिच्यावर खुर्ची सरकवली आहे.