छतातला मोठा पंखा: सॅक्रामेंटोतील एका उन्हाळ्यानंतर

मे महिन्यात आम्ही कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो शहरातील आमच्या घराच्या मधल्या बोळात, छताला, संपूर्ण घराची हवा ओढणारा पंखा बसवला. घर एकमजली, १,७०० चौरस फुटांचे असून पंखा मिनिटाला सुमारे ४,००० घनफूट हवा खेचतो. आता ऑक्टोबर संपत आला आहे.

माळ्याचा पंखा तो हा नव्हे. तसा एक आधीच्या मालकाने बसवलेला होता. तो छपराखाली कोंडलेली हवा तेवढी बाहेर टाकतो. दुपारी तेथे ६० अंशांपर्यंत तापते, त्यामुळे कल्पना पटते. परंतु छताला फटी असतील तर तो खालच्या खोल्यांतली, एसीने पैसे मोजून गार केलेली हवाच वर ओढतो. छतातल्या दिव्यांच्या कडेला उदबत्ती धरली, तेव्हा धूर सरळ फटीतून माळ्यावर गेला. तो पंखा बंद करून फटी बुजवल्या, त्याचाच अधिक उपयोग झाला.

नवा पंखा हवा थंड करत नाही. उघड्या खिडक्यांतून बाहेरची हवा आत घेतो आणि घरातली माळ्यावाटे बाहेर लोटतो. म्हणून सारे गावाच्या हवेवर अवलंबून आहे. येथे दुपारी ३८ अंश असले तरी संध्याकाळी डेल्टाकडून, म्हणजे नद्यांच्या त्रिभुज प्रदेशाकडून, समुद्रावरचे वारे येते आणि पहाटे पारा १६-१७ वर उतरतो. मुंबईत हाच पंखा रात्रभर दमट हवा घरात भरत बसेल.

रात्री नऊच्या सुमारास बाहेरचे तापमान आतल्यापेक्षा उतरले की आधी खिडक्या वीतभर उघडायच्या, मग पंखा लावायचा. सकाळी सातला सारे बंद करून पडदे ओढायचे. एरवी दुपारी दोनलाच लागणारा एसी बहुतेक दिवशी लागला नाही, संध्याकाळी ५ ते ८ या महाग विजेच्या वेळेतही नाही. पंख्याला एसीच्या सुमारे दहावा हिस्सा वीज लागते.

पहिल्या रात्री मात्र एकच खिडकी उघडी होती आणि शेकोटीच्या धुराड्याची झडप लावायची राहिली होती. गेल्या हिवाळ्याची राख सोफ्यावर येऊन बसली. हसलो खरे, पण हीच ओढ गॅसच्या गिझरचा विषारी वायू घरात आणू शकते, हे लक्षात येताच कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आणला.

तक्रार बसवणाऱ्याविषयी आहे. पंखा मिनिटाला खेचतो त्या दर ७५० घनफूट हवेमागे, ती बाहेर जायला माळ्याला एक चौरस फूट मोकळा झरोका हवा, हे त्याने मोजलेच नाही. आमच्याकडे जेमतेम निम्मी जागा होती. माळ्याच्या दाराची फळी रात्रभर खडखडत असे. जादा झरोक्यांचा खर्च आम्हालाच पडला. वणव्यांचा धूर आला तेव्हा तर आठवडाभर पंख्याला हातही लावता आला नाही.

पंख्याच्या पट्ट्यांमधून आता थंडी उतरू लागली आहे, म्हणून या शनिवारी वरून फोमचे झाकण ठोकायचे आहे.